मोजणारा गैरहजर

पोतनीसकाका, सगळ्यात आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायला मी कोण? तुमच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षं काम केलेली माणसं आहेत, समा भागातल्या तुमच्या सोसायटीतले शेजारी आहेत, पुण्याहून आलेले तुमचे भाऊ आहेत. मी तुमच्या शेजारी जेमतेम दीड वर्ष उभा राहिलो, तेही बहुतेक वेळ हातात सांडशी धरून. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे तुमच्याबद्दल दोन-दोन शब्द बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, "का" म्हटलं आणि तिथंच अडकलो. पुढचा "का" येईना. काकूंनी हातानेच बस म्हणून खूण केली. निघताना दाराशी म्हणाल्या, "बोलायचं राहू दे. लिहून आण." म्हणून लिहितोय.

तुम्ही म्हणायचात की चाचणीचा अहवाल चार ओळींत संपला पाहिजे, पाचवी ओळ आली की समजावं लिहिणारा काहीतरी लपवतोय. माझ्या ओळी चाराच्या वर जाणार आहेत. पण लपवायला नाही, उलट एक लपवलेली गोष्ट सांगून टाकायची आहे. आणि एक गोष्ट विचारायची आहे, ती आता तुम्हाला विचारता येत नाही. मी पाठवलेलं कार्ड तुम्हाला मिळालं का?

पहिल्या दिवशी मी कॉलेजचं पत्र घेऊन बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या लॅबमध्ये आलो ते तुम्हाला आठवत असेल. धातुशास्त्र शिकतो असं घरी सांगितलं तर आई शेजारणींना सांगायची, "आमचा दिलीप लोखंडाचं शिकतो." वडील रेल्वेच्या यार्डात, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी कम्प्युटरच्या क्लासला जात होती. मी गेलो नाही, कारण तिथं फोनवर इंग्रजी बोलावं लागेल असं कोणीतरी सांगितलं होतं. तुमच्या लॅबमध्ये लोखंडाचे तुकडे तोडायचे असतात असं ऐकलं होतं. मला वाटलं, बोलावं लागणार नाही.

तुम्ही माझं पत्र वाचलंत, चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, "मजबूत आणि चिवट यात फरक काय?" लॅबमधले रमणभाई खाच पाडायच्या मशीनवर होते. ते मागून म्हणाले, "आ छोकरो तो बोलतो ज नथी." तुम्ही टेबलाच्या खणातून चिक्कीचा तुकडा काढलात आणि मोडलात. मग डब्यातली शेवग्याची शेंग काढलीत, भाजीतली, रस गळत असलेली, आणि तीही मोडलीत. चिक्की कटकन दोन झाली, कडा चमकत होत्या. शेंग मोडली तरी धाग्यांनी लोंबत राहिली. "चिक्की मजबूत आहे," तुम्ही म्हणालात. "शेंग चिवट आहे. आपण इथं मजबूत बघत नाही. मजबूत बघणारे पुष्कळ आहेत." मग दोन्ही खाऊन टाकलंत.

नंतर हळूहळू कळत गेलं. पोलादाच्या दोन जाड पत्र्यांचा वेल्डने सांधा केला की तो सांधा आणि त्याच्या बाजूची भाजून निघालेली पट्टी हीच सगळ्यात संशयाची जागा. म्हणून त्याच पद्धतीने वेल्ड केलेला एक वेगळा ठोकळा लॅबमध्ये येतो. त्यातून बोटाएवढे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या मधोमध बारीक खाच पाडायची, गार करायचे आणि झुलत्या हातोड्याच्या एका फटक्यात तोडायचे. तुकडा तोडताना हातोड्याचा किती जोर खर्ची पडला ते तबकडीवर दिसतं. जितका जास्त खर्च, तितका तुकडा चिवट. आपण या तुकड्यांना पीसच म्हणायचो.

गार का करायचे, हे आईनेही विचारलं होतं. अणुभट्टीच्या पात्राचं वेल्डिंग आमच्याकडे तपासायला येणार आहे असं मी घरी सांगितलं, तर ती म्हणाली, "भट्टी आहे ना? मग थंडीत कशाला तपासता?" मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, आईला सांग, प्रश्न बरोबर आहे. मग माझ्याकरवी तिला उत्तर पाठवलंत. त्या भट्टीत वर्षानुवर्षं राहून पोलाद म्हातारं होतं, आणि म्हातारं पोलाद उबेतसुद्धा थंडीत असल्यासारखं वागायला लागतं. म्हणून तरुणपणीच त्याला थंडीत उभं करून विचारून घ्यायचं. आईला ते पटलं. तिने वडिलांकडे बघितलं, एवढं मला आठवतं.

तुमच्या पद्धतीबद्दल लिहायचं तर ते पाच शब्दच लिहायला हवेत. गार द्रवातून पीस बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत फटका बसला पाहिजे, नाहीतर पीस हवेत तापायला लागतो. बाकीच्या लॅबमध्ये लोक मनात आकडे मोजतात. तुम्हाला आकडे पसंत नव्हते. आकडे मोजणाऱ्याचे हात काय करतायत हे कळत नाही, म्हणायचात. तुम्ही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचात: काढला, आणला, ठेवला, टेकवला, सोडला. काढला म्हणजे द्रवातून. आणला म्हणजे मशीनपाशी. ठेवला म्हणजे दोन टेकूंवर. टेकवला म्हणजे खाच बरोबर हातोड्याच्या समोर. सोडला म्हणजे हातोडा. दर वेळी पाचाच्या आत. रमणभाईंना मराठी फारसं यायचं नाही, पण हे पाच शब्द ते जेवणाचा डबा उघडतानाही म्हणायचे.

आपण दोघं मिळून काम करायचो तेव्हा शब्द तुमचे असायचे आणि हात माझे. ते तसं ठरलेलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून तसं पडत गेलं. मला बोलायला लावू नये म्हणून तुम्ही मुद्दाम केलंत की तुमची सवयच होती, हे मी कधी विचारलं नाही.

हात तयार व्हावेत म्हणून तुम्ही मला तीन रविवार घरी बोलावलंत. तरसालीहून समा म्हणजे सायकलने सगळं बडोदं पार करायचं. तुम्ही दुधीचे बोटाएवढे तुकडे कापून, त्यांना खाचा पाडून, बर्फाच्या पाण्यात टाकून ठेवलेले असायचे. काकूंची सांडशी माझ्या हातात. पाटाच्या दोन कडांवर दुधी ठेवायची, टेकवायची, आणि तुम्ही "सोडला" म्हणालात की लाटण्याने टोला द्यायचा. सांडशीही पाण्यातच गार ठेवायची, उबदार सांडशीने गार पीस धरला की निम्मं काम बिघडलं, हे तिथं कळलं. तिसऱ्या रविवारी काकू म्हणाल्या, "आता हे लॅबचं सामान माझ्या फोडणीत टाकू का?" आणि त्या दिवशी जेवणात खाचा पाडलेल्या दुधीची भाजी होती. तुम्ही प्रत्येक फोड उलटून बघत होतात. काकू म्हणाल्या, "जेवा मुकाट्याने. पास आहे भाजी."

मग ते काम आलं. समुद्राजवळच्या एका मोठ्या कारखान्यात अणुभट्टीचं ते पात्र तयार होत होतं आणि त्याच्या वेल्डचा ठोकळा आपल्याकडे पाठवला होता. प्रत्येक बाजूला शिक्के ठोकलेले, कुठली बाजू वर, कुठली खाली. तुम्ही त्या दिवशी चहासुद्धा त्या टेबलावर ठेवू दिला नाहीत. आठवडाभर आपण दोघांनी पीस तोडले, सगळे व्यवस्थित निघाले. शेवटचे तीन उरले होते, सांध्याच्या अगदी बाजूच्या पट्टीतले, सगळ्यात गार करून तोडायचे. त्या दिवशी सकाळी तुम्हाला मोतीबिंदूच्या तपासणीला जायचं होतं. दुपारी येतो, मग करू, असं सांगून गेलात. पण तपासणी लांबली. मॅनेजरसाहेब दोनदा येऊन गेले. इन्स्पेक्टर उद्या येणार, अहवाल आजच टाइप झाला पाहिजे, म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू करतोच आहेस ना रोज?" मी मान हलवली. खरं होतं ते. माझे हात रोज करत होते.

मी तिन्ही पीस तोडले. शब्द मीच म्हटले, मोठ्याने, कारण पद्धत तशी होती. रमणभाई शेजारी उभे होते. तिन्ही आकडे पास व्हायच्या हद्दीच्या वर आले, नखभर, पण वर. मी रजिस्टरमध्ये लिहिले. अहवाल टाइपला गेला. काका, मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं की मी सायकल न घेता मकरपुऱ्याच्या नाक्यापर्यंत चालत जाऊन आलो, उगाचच.

तुम्ही चार वाजता आलात, डोळ्यांत औषध घातलेलं, उजेडाकडे बघवत नव्हतं. आकडे विचारलेच नाहीत. रमणभाईंना विचारलंत, कसं केलं याने? रमणभाईंनी माझं कौतुक केलं. त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं. म्हणाले, "छोकरो डाह्यो छे, पोतनीसभाई. जराय उतावळ नथी करतो."

जराही घाई करत नाही, हे ऐकून तुम्ही तिथंच थांबलात. मग खुर्ची ओढून बसलात, खणातलं स्टॉपवॉच काढून रमणभाईंच्या हातात दिलंत, आणि मला म्हणालात, रिकामी सांडशी घे आणि करून दाखव. मी गार द्रवात सांडशी बुडवली. "का… का… काढला. आणला. ठे… ठेवला. टे…" टेकवला हा शब्द माझ्या तोंडात किती वेळ राहिला मला माहीत नाही. हात तो निघायची वाट बघत तिथंच थांबला होता. रमणभाईंनी स्टॉपवॉच बघितलं. तुमच्यासमोर धरलं. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून त्यांना आकडा सांगावा लागला.

"दिलीप," तुम्ही म्हणालात, "तुझे पाच शब्द सात सेकंदांचे आहेत."

आता ती लपवलेली गोष्ट. रमणभाई मशीनकडे गेल्यावर मी तुमच्या खुर्चीपाशी आलो आणि म्हणालो की राहू द्या. हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी म्हणालो, दोन सेकंदांनी काय होतं? आकडे हद्दीच्या वर आहेत, अहवाल टाइप झालाय, माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट याच महिन्यात आहे, आणि मॅनेजरसाहेबांनी इथंच ठेवून घेतो म्हटलंय. हे सगळं मी अडखळत म्हटलं, आणि तुम्ही एकदाही मध्ये शब्द पुरवला नाहीत. तुम्ही कधीच पुरवत नव्हतात. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशी मात्र मी बोलत असताना कोणीतरी थांबवावं असं वाटत होतं. तुम्ही हे नंतर कोणालाही सांगितलं नाहीत, काकूंनासुद्धा नाही. म्हणून मी सांगतोय.

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "कदाचित काहीच होत नसेल दोन सेकंदांनी. मला माहीत नाही. आणि तुलाही माहीत नाही. त्या सांध्यापाशी एकदा भट्टी सुरू झाली की कोणाला हात लावून बघता येणार नाही. आपण दोघं नसू तेव्हाही तो तिथं असेल. त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत असायला हवं, ते आजच."

मग तुम्ही रजिस्टर मागवलंत. दिसत नव्हतं, तरी ओळ तुम्हीच लिहिलीत, वाकडी गेली. मी वाचली. "मोजणारा गैरहजर. चाचणी रद्द. पुन्हा करणे." खाली तुमची सही. माझं नाव कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. लखनौकडचे, शांत गृहस्थ. मॅनेजरसाहेब काहीतरी वेगळं सांगायला लागले होते, तर तुम्ही सरळ पुढे होऊन हिंदीत सगळं सांगितलंत, वेळ पाळली गेली नाही, ठोकळ्यात अजून तीन पिसांपुरती जागा आहे, इन्स्पेक्टरांसमोरच तोडतो. इन्स्पेक्टरांनी रजिस्टर बघितलं. "गिननेवाला कौन है?" "मैं," तुम्ही म्हणालात.

रमणभाईंनी दोन दिवस खपून नवे पीस कापले. तोडायच्या दिवशी शब्द तुमचे, हात माझे. पहिला ठीक. तिसरा ठीक. मधला खाली गेला, हद्दीच्या खाली. त्याचा अर्धा तुकडा उचलून तुम्ही खिडकीपाशी नेलात. भंगलेली बाजू साखरेसारखी चमकत होती. मला चिक्की आठवली. तुम्ही आकडा लिहिलात, तुकडा पुडीत बांधलात, इन्स्पेक्टरांना दिलात.

त्या कारखान्याला वेल्डची पद्धत बदलावी लागली, आधी जास्त तापवायचं, नंतर जास्त वेळ गरम ठेवायचं. सगळं पहिल्यापासून. पुढच्या चाचण्या त्यांनी आपल्याकडे पाठवल्या नाहीत, स्वतःच्या लॅबमध्ये करू म्हणाले. मॅनेजरसाहेबांचं तुमच्याशी बोलणं कमी झालं. माझ्या ठेवून घेण्याचं नाव कोणी काढलं नाही. तुमच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, ते तुम्ही तुमच्या टेबलावर बसून संपवलेत.

आपला वाद झाला तो त्याच आठवड्यात, सेव-उसळीच्या गाडीपाशी. मी म्हणालो, तुम्ही खोटं लिहिलंत. मोजणारा गैरहजर नव्हता. मी होतो, आणि मी चुकीचं मोजलं, मग माझं नाव लिहायला हवं होतं. तुम्ही रस्सा पिऊन झाल्यावर म्हणालात की खोटं काहीच नाही त्यात. या लॅबमध्ये मोजणारा तूही नव्हतास, रमणभाईही नव्हते. तुला एकदाही मोजायला लावून न बघता मी निघून गेलो, ती चूक कोणाची? तू हलवणारा होतास. हलवणारा हजर होता.

मग मी जे बोललो ते मला आजही नीट आठवतं, कारण ते एका दमात, न अडखळता निघालं. रागात माझं कधी अडत नाही. मी म्हणालो, "म्हणजे मी कायम हलवणाराच?"

तुम्ही वाडगा खाली ठेवलात. म्हणालात, "आधी मोजायला शिक. मग वाद घाल माझ्याशी."

तो वाद तिथंच राहिला. मी तुमच्यावर रागावलो होतो. तुम्ही मला वाचवलंत याचाच राग होता. आभार मानायचे तर आधी तो राग संपायला हवा होता, आणि तो संपेपर्यंत माझं शेवटचं वर्ष सुरू झालं.

मग एक दिवस कॉलेजमध्ये पत्र आलं. त्या इन्स्पेक्टरांनी समुद्राजवळच्या कारखान्यात माझं नाव सांगितलं होतं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांच्या लॅबमध्ये करू द्यावा म्हणून. माझं नाव त्यांना कोणी सांगितलं असेल ते मी ओळखलं. तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं. मी रमणभाईंकडे निरोप ठेवला आणि गेलो.

तिथं मी मोजायला शिकलो. सकाळी कामावर जाताना रस्त्याला कोणी नसायचं, खारा वारा असायचा. चालता चालता पाच शब्द म्हणायचो. आधी गुजरातीत आकडे मोजून बघितले, कारण शाळेत मी आकडे गुजरातीतच शिकलो, एक, बे, त्रण, तिथं अडत नाही. पण तुम्ही म्हणता तसंच झालं, आकड्यांना हातांचं काही कळत नव्हतं. परत शब्दांवर आलो. दोन महिने क आणि ट माझ्याशी भांडत राहिले. मग एक दिवस पीस काढता काढता लक्षात आलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी सांडशी खाली ठेवली. तुमचे सगळे शब्द होऊन गेलेल्या कामाचे आहेत. काढ नाही, काढतो नाही, काढला. म्हणजे हात आधी, तोंड नंतर. मी उलटं करत होतो, शब्द निघायची वाट बघत हात थांबवत होतो. हाताला थांबायचं कारणच नव्हतं. त्याने काम करून टाकायचं, तोंडाने मागून फक्त कळवायचं. हे तुम्ही विचार करून ठरवलं होतंत की बोलता बोलता तसं पडलं, हेही विचारायचं राहिलं.

गंमत म्हणजे हात थांबेना, तसं तोंडही फारसं अडेना.

आणि नव्या पद्धतीच्या वेल्डचा ठोकळा आला. सांध्याच्या बाजूची तीच पट्टी, तेच तीन पीस, तीच थंडी. तिथले मुख्य टेक्निशियन म्हणाले, तू तोड, मी घड्याळ धरतो. मी तोडले.

त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवर गेलो. फोनवर माझं सगळ्यात जास्त अडतं हे तुम्हाला माहीत आहे, तरी गेलो. काकूंनी उचलला. मला "काका आहेत का" एवढंच म्हणायचं होतं. "का… का… का…" झालं. काकू हॅलो, हॅलो म्हणाल्या, कोण बोलतंय म्हणाल्या, आणि फोन ठेवला. काचेच्या दाराबाहेर रांग होती. मी परत लावला नाही. पोस्टात जाऊन कार्ड घेतलं आणि तिथल्याच फळीवर लिहिलं.

"ती. पोतनीसकाका यांस सा. न. तीन पीस तोडले. मोजणी माझी, मोठ्याने. तिन्ही वेळा साडेचार सेकंद. तिन्ही हद्दीच्या पुष्कळ वर. एक तर दोन झालाच नाही, शेंगेसारखा लोंबत राहिला. आता वाद घालायला येतो. दिलीप."

चार ओळींत बसलं नाही. उत्तर आलं नाही. तुम्ही पत्राचं उत्तर त्याच दिवशी देणारे, म्हणून मी रोज गेटवर विचारायचो. दुसऱ्या आठवड्यात गेटवरून बोलावणं आलं, पण फोनसाठी. रमणभाई होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी नीट मराठीत बोलले, बहुतेक पाठ करून. "दिलीपभाई, पोतनीसभाई आज सकाळी गेले. छातीत दुखलं." मला विचारायचं होतं, कार्ड आलं होतं का? हे मात्र माझ्या तोंडून निघालंच नाही. त्यांना वाटलं मी रडतोय. मी रडतही होतो.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. शेवट येत नव्हता. आज सकाळी, तसंच अर्धवट, काकूंना दाखवायला घेऊन गेलो. घरात अजून पाहुणे आहेत. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कागद घेतले आणि ओट्याला टेकून सगळे वाचले. दुधीच्या भाजीपाशी थोड्या थांबल्या. मी राहू द्या म्हटलं ते वाचतानाही चेहरा बदलला नाही. मग त्यांनी मसाल्याच्या डब्यामागून माझं कार्ड काढलं. कोपऱ्याला हळद लागली होती.

म्हणाल्या की फोन आला त्या संध्याकाळी तुम्ही आरामखुर्चीतून विचारलंत, कोण होतं? त्या म्हणाल्या, काय की, कोणीतरी नुसतं का-का करत होतं. तर तुम्ही म्हणालात, दिलीप असणार. आता कार्ड येईल. आणि रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला उठून फाटकापाशी जायला लागलात, डॉक्टरांनी फिरू नका सांगितलेलं असताना. कार्ड मंगळवारी आलं. चष्मा सापडेना म्हणून काकूंनीच वाचलं. तुम्ही पुन्हा वाचायला सांगितलंत, त्या वेळी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं होतंत. मग काकूंनी विचारलं, उत्तर लिहायचंय का, आणू का कार्ड? तुम्ही उद्या म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते झालं.

"पण सांगून ठेवलं होतं मला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, त्याला कळव, उतावळा झालायस. अजून अर्धा सेकंद होता तुझ्याकडे."